जाळं हलत नाही, लेकरू हलतं



तलाव-धरणं भरली, मत्स्यबीज पाण्यात पडलं की आपल्याकडे नाव घ्यायची बोलणी सुरू होतात. यंदाही झाली आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. रोज जाळं सोडायला चालेल, उथळात रुतणार नाही, आणि सणावाराला बायको-लेकरांना घेऊन पाण्यावर फिरता येईल, पलीकडच्या सोयऱ्यांकडे जाता येईल, अशी एकच नाव कोणती घ्यावी?

आमचं मत आधी सांगतो, कारणं मागून. एकच नाव दोन्ही कामांना चालते. पण ती मासळीच्या हिशेबानं निवडू नका, घरच्यांच्या हिशेबानं निवडा. मासेमारीला पुरणारी नाव कुटुंबाला पुरेलच असं नाही. कुटुंबाला पुरणारी नाव मासेमारीला मात्र नक्की पुरते. आणि इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी करा.

आता कारणं.

आपलं पाणी कसं आहे ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पैनगंगा उन्हाळ्यात गुडघ्याएवढी होते, मधे मधे खडक उघडे पडतात. तीच नदी पावसाळ्यात वर इसापूरचे दरवाजे उघडले की रात्रीतून अंगावर येते. सातनाल्याच्या काठाला गाळ आहे, बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. कडेमला किंवा पोचंपाडला जाळं टाकणाऱ्यांना उथळ कडही लागते आणि मधलं मोकळं पाणीही, जिथे वारा सुटला की लाटा उठतात. अशा पाण्याला खोल तळाची, समुद्रावरची नाव कामाची नाही. ती पहिल्याच खडकावर बसेल. आपल्याला सपाट तळाचीच नाव पाहिजे, यात दुमत नाही.

सपाट तळाची नाव पाण्यात किती बसते, हा हिशेब एकदा कागदावर करून बघा. एक घनफूट पाण्याचं वजन सुमारे २८ किलो. १४ फूट लांब आणि तळाला ४ फूट रुंद नाव घ्या, दोन्ही टोकं निमुळती धरून तळ झाला अंदाजे ४८ चौरस फूट. अशी नाव एक इंच खाली जायला जवळपास ११० किलो ओझं लागतं. नावेचं स्वतःचं वजन १५० किलो, दोन माणसं, जाळी, बर्फाची पेटी, सगळं मिळून ३३० किलो धरलं तरी ती तीनच इंच बसते. आता जाळी उतरवा आणि नवरा-बायको, आजी, तीन लेकरं, जेवणाचे डबे चढवा. ओझं होतं ४०० च्या आसपास. म्हणजे नाव पाऊण इंचही जास्त बसत नाही.

इथेच आपला माणूस फसतो. नाव बसलेली दिसत नाही, काठ पाण्याच्या बराच वर दिसतो, म्हणून तो म्हणतो, "अजून दोघं मावतील, या." पण आपल्याकडच्या नावा बहुतेक वेळा वजनानं खाली बसून बुडत नाहीत. त्या कलतात, एका बाजूनं पाणी घेतात आणि उलटतात.

जाळं तळाशी पडून राहतं. मासळीची पेटी ठेवली तिथेच राहते. मच्छीमार स्वतः नावेत कसं बसायचं, कसं उभं राहायचं हे लहानपणापासून अंगात भिनवलेला असतो. घरची मंडळी तशी नसतात. ती फळीवर उंच बसतात, त्यामुळे वजन वर जातं. लेकरू पाण्यात हात घालायला वाकतं. आजीच्या पायावर पाणी आलं की ती दचकून सरकते. बगळ्यांचा थवा उठला की सगळे एका बाजूला वळतात. तेच ४०० किलो, पण सतत जागा बदलणारं. जाळं हलत नाही, लेकरू हलतं. नाव निवडताना हे हलणारं ओझं मोजायचं.

त्यासाठी लांबी नव्हे, रुंदी घ्या. लांबी सव्वापट केली तर नावेचा तोल सव्वापटच वाढतो. रुंदी सव्वापट केली, म्हणजे ४ फुटांची ५ फूट केली, तर कलण्याला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. तोल रुंदीच्या घनानं वाढतो, म्हणून असं होतं. तेव्हा १८ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी देखणी, सुळसुळीत नाव वल्हवायला हलकी असली तरी लेकरांसाठी नाही. १४ फूट लांब, ५ फूट रुंद, बसकी नाव दिसायला म्हशीसारखी दिसेल. दिसू द्या.

माणसं किती बसवायची? अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या लहान बोटींसाठी तिथल्या तटरक्षक दलाचा एक ढोबळ हिशेब चालतो. लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, गुणायची, १५ नं भागायचं. १४ गुणिले ५ म्हणजे ७०, भागिले १५, उत्तर पावणेपाचच्याही आत. म्हणजे चार माणसं. १६ बाय ५ ची असेल तर पाच. आपल्याला हे फार कमी वाटेल, कारण आपण त्याच नावेत आठ-आठ बसलेले पाहिले आहेत. पण हा आकडा शांत पाण्याचा आहे, वारा-प्रवाहाचा नाही. आणि लेकरूही एक माणूसच मोजायचं, अर्धं नाही. घरात सहा जण असतील तर दोन खेपा करा. पाच मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

हे आम्ही उगाच भीती घालायला सांगत नाही. जवळपासच्या पाण्यात काय घडलं ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आसिफाबाद जिल्ह्यात प्राणहितेत लहान नाव उलटली आणि वनखात्याचे दोन कर्मचारी गेले. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरुडजवळ झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली, अकरा जीव गेले. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते ते. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीतल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेच्या पलीकडे निघाल्या होत्या, नाव उलटून सहा जणी बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे ला उजनी धरणात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान चालणारी बोट वाऱ्यात सापडली, सहा जण गेले, एक जण पोहून बाहेर आला.

या घटना एका मापाच्या नाहीत. कुठे प्रवाह होता, कुठे वारा, कुठे गर्दी. पण दशक्रियेचे नातेवाईक असोत की मिरचीच्या मजुरीला निघालेल्या बाया, नावेत बसलेली माणसं बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली होती. कोणी मौजेचा हट्ट करणारे श्रीमंत पर्यटक नव्हते.

नाव कशाची घ्यायची, यावरही बोलू. लाकडी डोंगा पाण्यानं भरला तरी तरंगत राहतो, धरायला आधार राहतो. ही लाकडाची मोठी गोष्ट. पण चांगलं लाकूड महाग झालं, दरवर्षी डागडुजी लागते, आणि ओली नाव जड होते. फायबरची नाव हलकी, टिकाऊ, खडकाला घासली तरी दुरुस्त होते. मात्र नुसतं फायबर पाण्यापेक्षा जड असतं. हवेचे बंद कप्पे किंवा फोम नसेल तर पाण्यानं भरलेली फायबरची नाव सरळ तळाला जाते. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. तुम्ही विचारा, फळ्यांच्या खाली काय भरलं आहे? "थर्माकोल" असं उत्तर आलं तर आणखी विचारा. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. इंजिनाची टाकी गळली की वर्ष-दोन वर्षांत आतला आधार पोकळ होतो आणि वरून काहीच कळत नाही. पेट्रोलला टिकणारा, पाणी न पिणारा फोम पाहिजे, किंवा नीट बंद केलेले कप्पे.

तुमच्यापैकी काही जण ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडतात. गरिबीत ते चालवून घेतात, आम्हाला माहीत आहे. त्याची चेष्टा आम्ही करणार नाही. पण त्यावर एक लेकरूसुद्धा बसवू नका, काठाजवळ, फोटोपुरतंसुद्धा नाही.

पैसे देण्याआधी दोन परीक्षा घ्या. पहिली, नाव पाण्यात उतरवून दोन मोठी माणसं एकाच बाजूच्या काठाला टेकून बसवा. तरीही त्या बाजूला निदान एक वीत कोरडी राहिली पाहिजे. दुसरी, गुडघाभर पाण्यात नाव बादल्यांनी काठोकाठ भरा. भरलेली नाव तरंगत राहिली आणि चार जणांनी धरल्यावरही खाली गेली नाही, तर ती घ्या. विकणारा या परीक्षेला नाही म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

तळ सपाट असला तरी पुढचं टोक वर उचललेलं पाहिजे. पूर्ण चपटं टोक उथळात झकास चालतं, पण धरणाच्या मधोमध वाऱ्यात लाट सरळ आत घेतं. आणि तळात साचलेलं चार बोटं पाणी किरकोळ समजू नका. नाव थोडी कलली की ते सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि नावेला आणखी कलवतं. उपसायचा डबा दोरीनं बांधलेला असलाच पाहिजे.

आता इंजिन. तरण्या पोरांचा सगळा जीव इंजिनात असतो. आमचं मत विचाराल तर आधी रुंद नाव, मग जॅकेटं, मग पैसे उरले तर इंजिन. १४ फुटांच्या नावेला आपल्या पाण्यात २ ते ५ हॉर्सपॉवर पुरे. आखूड दांड्याचं, वर उचलता येणारं घ्या, म्हणजे खडक आणि खुंट लागले तर पंखा वाचेल. मोठं इंजिन मागच्या फळ्यावर बसवलं की नाव मागून दबते, पुढून उचलते, आणि उथळात चालायचा जो फायदा होता तोच जातो. शिवाय पंख्यात जाळं अडकलं तर नुकसान दुहेरी. नावेत लेकरं असतील तेव्हा इंजिन असलं तरी वल्ही सोबत ठेवा.

इंजिन लावलं की कागदपत्रांचाही प्रश्न येतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्रावर चालणाऱ्या नावेची तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे. आपल्या नावेला काय लागू होतं ते मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून, लेखी घेऊन मगच पुढे जा. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. घरच्यांना नेणं वेगळं आणि पैसे घेऊन लोकांना फिरवणं वेगळं. जत्रेला, सुट्टीत लोक येतात, "दादा, एक चक्कर मारून आणा ना" म्हणतात, माणशी पन्नास रुपये पुढे करतात. त्या क्षणी तुमची मासेमारीची नाव प्रवासी नाव होते आणि जबाबदारी पूर्ण तुमच्या गळ्यात पडते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात. तो विमा मच्छीमाराचा आहे, नावेत बसवलेल्या पाहुण्यांचा नाही.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्या मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तो शहरातला तलाव होता, काठ डोळ्यांसमोर होता. तेव्हा "आपलं पाणी काय, छातीएवढंच आहे" असं म्हणू नका. छातीएवढं तुमच्या छातीएवढं असतं, लेकराच्या डोक्यावरून जातं.

म्हणून जॅकेट. मोठ्यांचं जॅकेट लेकराला घालणं म्हणजे न घालणंच. पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि लेकरू खालून निसटतं. मुलांच्या वजनाप्रमाणे मापाचं, दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं घ्या. आणि ते नावेत रचून ठेवायला नाही, काठावरच अंगात घालायला. बाप बिनजॅकेटचा बसला तर पोरगं घालणार नाही, म्हणून आधी बापानं घालायचं. "आम्हाला पोहता येतं" हे आम्हीही म्हणतो. पण साडी नेसलेल्या बाईला, अंगाला लेकरू बिलगलेलं असताना, पोहता येतं का, तेवढं सांगा.

काही जुनी माणसं म्हणतील, आमच्या आज्यानं डोंग्यातून वऱ्हाडं नेली, काही झालं नाही. नेली, खरं आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांना आपलीच सोयरीक, इकडची लेक तिकडे, तिकडची इकडे. पण त्या काळी नदीचं पाणी ऋतूनुसार चढायचं-उतरायचं, आणि नावाड्याला रोजचा उतार माहीत असायचा. आज वर धरणं आहेत, कोरटा-चनाख्याला बंधारा झाला आहे. दरवाजे कधी उघडतील, कधी पडतील, त्यावर पाणी ठरतं. आज्याचा अंदाज आज्याच्या नदीला लागू होता. आज निघण्याआधी फोन करून पाण्याची खबर घ्यायची. लेकरं असतील तर पावसाळ्यात नदीत उतरायचंच नाही, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर धरणाच्या मध्यावर जायचं नाही. वळवाचा वारा सांगून येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. रुंद नाव, फोम, जॅकेटं, खर्च वाढतो हे कबूल. पण इंजिनाला जेवढे पैसे काढता त्यातला थोडा भाग इथे वळवला तरी भागतं. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाचा नियम आहे. आपल्या नावेला ते मिळेल का, अटी काय, हे अर्ज करण्याआधी कार्यालयात विचारा. घरच्या बाईच्या नावानं अर्ज करता येत असेल तर जरूर करा. मात्र मग नाव बघायला तिलाही घेऊन जा. ती बाजारात मासळी विकते, घरखर्च चालवते, आणि नावेत लेकरू मांडीवर घेऊन तीच बसणार आहे. कुठे बसायचं, काय धरायचं, उतरताना पाय कुठे ठेवायचा, हे तिला पुरुषापेक्षा आधी दिसतं.

तिसरा आक्षेप, रुंद नाव एकट्याला ओढवत नाही. थोडी जड जाते, हो. पण रुंद नावेत उभं राहून जाळं ओढता येतं, एका बाजूनं मरळ-कटल्यानं भरलेलं जाळं वर घेताना नाव कलत नाही, आणि मधली फळी काढता येणारी केली तर पेटीला जागाही होते. कुटुंबासाठी घेतलेली रुंदी रोजच्या कामातही मजुरी देते.

शेवटी सोसायटीनं काय करावं, यावर. १८७६ साली इंग्लंडात सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराच्या लढ्यामुळे जहाजांच्या बाजूवर ओझ्याची रेघ मारणं सक्तीचं झालं. तोवर मालक जहाजं वाटेल तशी भरायचे आणि खलाशी बुडायचे. एक रेघ, पण ती सगळ्यांना दिसायची, म्हणून वाद संपायचा. आपणही तेच करू. येत्या आमसभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत.

एक, सोसायटीच्या पाण्यातल्या प्रत्येक नावेच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ, काठापासून एक फूट खाली. रेघ पाण्यात गेली की एक माणूस उतरवायचा. आणि काठावर मोठ्या आकड्यात किती माणसं ते लिहायचं, मराठीत आणि तेलुगूत.

दोन, सोसायटीच्या खर्चानं लहान-मोठ्या मापाची जॅकेटं. ज्याला घरच्यांना न्यायचं त्यानं सही करून न्यावी, वाळवून परत आणावी.

तीन, ज्याला रुंद नाव परवडत नाही त्यानं कुटुंबासाठी वेगळी नाव घेण्याच्या फंदात पडू नये. चार-पाच घरांनी मिळून एक चांगली घ्यावी, किंवा सोसायटीनंच एक घेऊन पाळीनं द्यावी. सण वर्षातून मोजके असतात, रोजची मासेमारी आपापल्या नावेत चालूच राहील.

पाण्यावर घरच्यांना नेऊ नका, असं आम्ही कधीच म्हणणार नाही. ज्या पाण्यावर आपलं घर चालतं ते पाणी लेकरांनी बघितलंच पाहिजे, बाप कुठे राबतो ते त्यांना कळलंच पाहिजे. फक्त नाव घेताना मासळी किती मावेल हे शेवटी विचारा. आधी घरातली सगळ्यात लहान पोर कुठे बसेल ते ठरवा आणि तिथून नाव मोजायला लागा.

आमसभेला या. घरच्या बायांना घेऊन या.